सिनेमातली रडणारी मुलगी

सिनेमा सुटल्यावर बसच्या रांगेत माझ्यापुढे एक शाळकरी मुलगी आणि तिचे वडील उभे होते.

"बाबा, त्या मुलीला जगणं नको झालेलं ना, मग ती सारखी रडते कशी?"

"अगं, रडणारच की!"

"छे! रडलं की सगळे विचारत बसतात. त्यापेक्षा हसायचं, नकला करायच्या. मग कुणी विचारत नाही."

"परवा मावशीकडे तू नकला करून सगळ्यांची हसवून हसवून पुरेवाट केलीस."

"हो."

"तेव्हासुद्धा?"

"हो... बाबा, बस आली."

"जाऊ दे ती. ये, या बाकावर टेकू. सांग मला."

"मला नीट नाही सांगता येणार."

"मोडकंतोडकं सांग, बाळा. फक्त आज मला हसवू नकोस."