कलम सतरा आणि माझा हात

...आणि वर मलाच सांगतो, हात द्यायचा नाही म्हणे! अहो, तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं लाँच चालवतोय मी, या काठावरून त्या काठावर, नऊ मिनिटांची फेरी, चोवीस माणसं, आणि बावीस वर्षांत दुसरं केलं काय? लाँच धक्क्याला लागली तरी मधे फट राहतेच, खाली पाणी डुचमळतंय, लाँच वरखाली होतेय, मग म्हातारी माणसं असोत, कडेवर पोर घेतलेली बाई असो, मी आपला एक पाय लाँचमध्ये, एक धक्क्यावर आणि हात पुढे. आणि हा विमा कंपनीचा साहेब म्हणतो, हात द्यायचा नाही!

का? तर नवा नियम निघालाय. प्रवासी नेणाऱ्या प्रत्येक बोटीचा विमा हवा, कुणाला इजा झाली तर भरपाई द्यायला. सक्तीचा! सोमवारपासून कागद नसेल तर लाँच बंद. आता नियम वाईट आहे असं मी म्हणत नाही हां, माणूस पडलाझडला तर त्याच्याकडे कुणीतरी बघायलाच हवं. पण हे ध्यान! तपासणीला आला तो धक्क्यावरच लाइफ जॅकेट घालून. सिमेंटच्या धक्क्यावर! म्हटलं, "साहेब, आत या की." तर म्हणतो, "नको नको, आतले फोटो पाठवा." बादलीतल्या पाण्याला घाबरणारा माणूस, आणि हा माझी जोखीम ठरवणार!

मग चष्मा नाकावर ढकलून वाचायला लागला, "कलम सतरा. चढता-उतरताना चालकाने प्रवाशास स्पर्श करू नये. हात दिलात आणि तो पडला, तर तुम्ही पाडलात. नाही दिलात आणि पडला, तर तो आपला आपण पडला." मी म्हटलं, "पण साहेब, हात दिला की तो पडतच नाही!" तर म्हणतो, "त्याला फॉर्मात रकाना नाही." रकाना नाही! केली सही. करतो काय? घरात खाणारी सहा तोंडं, आणि सोमवार दोन दिवसांवर.

सोमवारी पहिल्याच फेरीला कोण यावं? माझी आई! पलीकडे गुडघ्याला शेक घ्यायला जाते ती. धक्क्यावर उभी राहिली, सवयीने हात पुढे केला, आणि मी... दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा! शाळेत शिक्षा केल्यासारखा! आई म्हणते, "हाताला काय झालं रे?" म्हटलं, "काही नाही, विमा झालाय." लाज वाटली हो, खरंच सांगतो, आयुष्यात इतकी लाज वाटली नव्हती. हात द्यायचा नाही म्हणे! तिचा पाय फटीवर लटपटला मात्र, आणि गेलं कलम सतरा खड्ड्यात, धरलीच तिला.

मग वाटलं, आता विमा गेला की काय! साहेबाला फोन लावला, स्पीकरवर, मागे इंजिन धडधडतंय. "साहेब, आईला हात दिला, आता?" पलीकडे कागदांची सळसळ. मग, "तिकीट काढलं होतं त्यांनी?"

"आईला कसलं तिकीट!"

"मग झालं तर! तिकीट नाही, तो प्रवासी नाही. त्याला हवा तेवढा हात द्या, आमचं काही म्हणणं नाही."

झालं! सगळी लाँच कान टवकारून ऐकत होती ना! दुसऱ्या दिवशी शाळेतल्या बाई आल्या, हात पुढे करून म्हणतात, "भाऊ, तिकीट नको, हात द्या." मागून पोस्टमन, "मामा, मलाही नको." त्याच्यामागे तो व्यायामशाळेतला गडी, दंड हे एवढे, तो म्हणतो, "काका, माझापण पाय लटपटतो." आता कुणाकुणाला नाही म्हणू? आणि नाही म्हटलं, कुणी पडलं, तर रात्री झोप कुणाची उडणार, साहेबाची?

परवा आला होता तो, कागद काचेत लावलाय का ते बघायला. लांबूनच. "वा, धंदा जोरात दिसतोय!" म्हणाला. म्हटलं, हो साहेब... विमा आहे, लाँच आहे, आत चोवीस माणसं आहेत... फक्त प्रवासी एकही नाही!