शेवटचं पान कुणी फाडलं?

ग्रंथालयाच्या रांगेत माझ्यापुढे एक नवरा-बायको उभे होते. काकूंनी प्रेमकथेची जाडजूड कादंबरी ग्रंथपाल ताईंच्या टेबलावर आपटली.

"अहो ताई, याचंही शेवटचं पान फाडलंय! आता त्या दोघांचं जमलं की नाही, हे मी कुणाला विचारू?"

"माझ्यावर कशाला चिडता, काकू? या कादंबऱ्या वाचणारे एकेक नग आहेत. एकजण रडून रडून पानं भिजवतो. एक मुलगी नायक आवडला नाही की समासात त्याला शिव्या लिहिते. एक सासूबाई तर चुंबनाच्या पानांना टाचण्या मारून पुस्तक परत करतात, तेही स्वतःचं वाचून झाल्यावर!"

"आणि हा पानं फाडणारा मेला कोण? सापडू दे, हातच मोडते त्याचे."

"अगं, हळू बोल," काका कुजबुजले. "ती परत येते, तो म्हणतो, तुझ्याशिवाय या घराला घरपण नाही. संपलं. चल आता."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"असल्या पुस्तकांत असंच असतं."

"खिशावरचा हात काढा."

"चारचौघांत काय हे?"

"काढा म्हणते ना! अगं बाई, हे पान! आणि हे मागच्या पुस्तकातलं! मी वाचायला बसले की नाक मुरडता, आणि खिशात हे?"

"वाक्यं चांगली होती गं. पाठ करत होतो."

"कुणासाठी?"

"तुला म्हणून दाखवायला."

"मग घरी तोंड उघडलं की 'भाजीत मीठ कमी आहे' एवढंच कसं बाहेर पडतं?"