गाळलेलं पाणी

...आणि वर मलाच विचारतात, 'काका, लक्ष कुठं होतं?' अहो, लक्ष होतं म्हणून तर झालं! तुम्हाला सांगतो, सत्तावीस वर्षं मी शाळेच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुतोय. पाणी राहिलेलं भांडं दिसलं की हात आपोआप नळाकडे जातो, डोक्याला विचारत नाही.

त्या दिवशी दहावीची प्रात्यक्षिक परीक्षा. परीक्षक बाहेरचे, चष्म्यावरून बघणारे. आणि पहिल्याच टेबलावर कोण, तर आमची धाकटी. तिला आलं वाळू आणि मिठाचं मिश्रण, वेगळं करून दाखवा. हात्तिच्या, म्हटलं, पैकीच्या पैकी! घातलं तिनं पाणी, ढवळलं, मीठ गेलं विरघळून, वाळू बसली तळाशी, मग गाळणकागदातून गाळलं... वर वाळू, खाली स्वच्छ पाणी. ते आटवायचं, उरलेलं मीठ तोलून द्यायचं, त्यावर मार्क. ती गेली बर्नर आणायला आणि मी आलो फडकं घेऊन. टेबलावर चंचुपात्र, आत पाणी... आता दिसायला पाणीच, त्याला मी काय करू?

ओतलं. नुसतं ओतून थांबलो असतो तर एक वेळ... घासलं, विसळलं, पुसून पालथं घातलं.

पोरगी आली. शाळेत 'बाबा' म्हणायचं नाही असं आमचं ठरलंय, म्हणून म्हणते कशी, "काका, माझं मीठ कुठंय?" तुम्हाला सांगतो, घरी 'बाबा' म्हणून खेकसते ना, ते परवडलं. वर्षभर राबली होती हो पोर.

परीक्षक म्हणाले, "कुणी ओतलं?"

म्हटलं, "साहेब, दिसायला पाणीच, त्याला मी काय..."

"विरघळलेलं मीठ दिसत नाही, हे सत्तावीस वर्षांत कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

सांगतात की, दरवर्षी सांगतात. मी तेव्हा भांडी धूत असतो.

शेवटी माणूस देवासारखा. तिला नवं मिश्रण दिलं, वीस मिनिटं वाढवून दिली आणि मला काढलं दाराबाहेर. तिनं पुन्हा सगळं केलं, मीठ काढलं, मिळाले पैकीच्या पैकी! पण वहीत 'घ्यावयाची काळजी' लिहायची असते ना, तिथं हिनं पहिलीच ओळ काय लिहावी? 'गाळलेले पाणी काकांच्या नजरेआड ठेवावे.' परीक्षकांना ते इतकं पटलं, की मुख्याध्यापकांना सांगून मोठ्या अक्षरांत प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावायला लावलं.

आणि खिळा ठोकायला कुणाला बोलावलं असेल?... शाळेत दुसरं आहे कोण.