गौराईच्या भुवया

घरगुती उपायांना गुण येत नाही, असं माझ्यासमोर कुणी म्हणू नका. मला भरपूर आला आहे.

गौरी यायच्या दिवशी पितळी मुखवटा काळपट दिसत होता. कराडच्या वन्संनी, म्हणजे माझ्या मोठ्या नणंदेनं, मोबाईलवर व्हिडिओ पाठवला होता. चिंच, मीठ, खायचा सोडा आणि पाच मिनिटं. मी अगदी मनापासून घासलं. मुखवटा सोन्यासारखा झाला, आणि त्यावर रंगवलेले डोळे, भुवया, ओठ सगळे मोरीतून वाहून गेले.

संध्याकाळी गौर बसवायची, आळीतल्या बायका बघायला येणार. मला रडूच कोसळलं.

आमचे हे फौजेतून निवृत्त. म्हणाले, "रडतीस कशाला? पलटणीत समद्यांच्या ट्रंकांवर नावं म्याच रंगवायचो." त्याच हातानं त्यांनी डोळे काढले. भुवया अशा ताणल्या गेल्या की कवायत घेणारा हवालदार बरा.

संध्याकाळी माहेरपणाला आलेल्या वन्संच सगळ्यात आधी पुढं झाल्या. कुंकू लावताना त्यांचा हात थबकला.

"अगं, गौराई एवढी रागानं का बघतीया?"

मी म्हटलं, "सकाळपास्नं तुमचीच वाट बघतीया, वन्सं."