झांजा वाजल्याच नाहीत

हॅलो?… हो ताई, बोल.

… येतंय ऐकू. नाही, घरी नाही गेले अजून. चर्चच्या बाहेरच आहे, गाडीत बसलेय. यतीन मुलांना घेऊन पुढे गेला. मी म्हटलं, मला थोडी आवराआवर आहे.

… सगळं पाहिलंत? लाइव्ह? अगदी शेवटपर्यंत?

… आईनेपण. चष्मा लावून, टीव्हीच्या पुढ्यात बसून. बरं.

… रडत नाहीये ग. हीटर लावलाय, त्याचा आवाज आहे.

… थँक यू. हो, हो… थँक यू ग. ताई, ऐक ना, एक काम कर. तो व्हिडिओ तू फॅमिली ग्रुपवर टाकलायस ना, तो काढ.

… अगं, काढ म्हणतेय ना. … शशीकाका काय म्हणाले? … 'चैत्राली कंडक्टर झाली, पण तिकिटं कुठायत.' हं. त्यांनी बघितला तर बघितला. बाकीच्यांनी बघायच्या आत काढ.

… नाही, साडीचं काही नाही. काळी साडी छानच दिसत होती, सगळे म्हणाले.

… हो, पास झाले. रोझलिंडनी तिथल्या तिथे सांगितलं. … रोझलिंड म्हणजे आमच्या कोर्सच्या बाई ग. शाळेतले, चर्चमधले बँड कसे कंडक्ट करायचे ते शिकवतात ना, त्या. आजचा कार्यक्रम हीच माझी परीक्षा होती. शेवटच्या बाकावर बसून बघत होत्या. … हो, आता आमच्या शाळेतला मुलांचा बँडही मलाच मिळेल. पास झाल्याशिवाय देणार नव्हते.

… आनंद कसला. सांगते. पण मधे बोलू नकोस.

तुला शेवटचा पीस आठवतोय? हळू सुरू होतो, मग चढत चढत जातो… तोच, मार्चसारखा. त्यात अगदी शेवटी झांजा वाजतात. मोठ्या, पितळी. एकदाच. तोपर्यंत तो माणूस नुसता थांबून असतो, त्या एका ठोक्यासाठी.

… नाही ना ऐकू आल्या? टीव्हीचा दोष नाही तो. वाजल्याच नाहीत.

… कारण मी त्यांना विसरले.

… अगं, बाकीचे मोजतात, कागदावर बघतात. झांजावाल्या केनना कागद दिसत नाही. आजोबा आहेत ते, नजर गेलीय. मधोमध सगळं धुरकट, कडेकडेचं थोडं दिसतं. मोजत बसायचे, मधेच हरवायचे, घामाघूम व्हायचे. मागे एकदा म्हणाले, मी आता बँड सोडतो. मीच थांबवलं त्यांना. म्हटलं, मोजू नका, तुम्ही फक्त माझ्याकडे बघा. तुमची वेळ आली की मी तुमच्याकडे वळेन आणि डावा हात असा उंच करेन. हात दिसेल ना? म्हणाले, दिसेल.

… प्रॅक्टिसला कधीच चुकले नाहीत. हात वर केला की झण्ण. आणि चेहरा असा फुलायचा…

… आज ट्रम्पेट अडखळले. … तुला नाही कळलं, पण अडखळले. मी घाबरले. त्यांच्याकडे वळले, मग खाली कागदात बघत बसले, आपण कुठे आहोत ते शोधत. वर बघितलं तेव्हा झांजांची जागा निघून गेलेली. आणि केन उभे होते, ताई. दोन्ही झांजा उचलून धरलेल्या. माझ्याकडे तोंड करून.

… काय करणार? मग हळूच खाली घेतल्या त्यांनी. आवाज होऊ नये म्हणून कोटाला टेकवून.

… हो, एक ठोका. एकच होता ग त्यांना.

… कोणाला कळलं नसेल, मान्य. तेवढंच असतं तर मी आत्ता घरी असते. पुढचं ऐक.

पीस संपला, टाळ्या झाल्या. मी वाकले, ट्रम्पेटवाल्यांना उभं केलं, बासरीवाल्यांना उभं केलं. केनना नाही केलं. … मुद्दाम नाही. म्हणजे… हो, मुद्दामच. त्यांच्याकडे बघायचा धीर होईना.

मग हॉलमध्ये चहा होता. रोझलिंड सरळ माझ्याकडे आल्या आणि पहिलं वाक्य तेच. झांजांचं काय झालं? … त्यांना कळणारच ना. मी आपली 'ते… ॲक्चुअली…' करतेय, तेवढ्यात केन मागून आले. त्यांची मुलगी हात धरून आणत होती. म्हणाले, सॉरी डक, माझी एंट्री चुकली.

… डक म्हणजे प्रेमाने म्हणतात ग. इथे नॉटिंगहॅमला बस ड्रायव्हरसुद्धा डक म्हणतो.

… मी? मी काय म्हणणार…

… मी म्हणाले, 'डोन्ट वरी केन, इट हॅपन्स.' आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.



… हो. चूक माझी, आणि माफ मी त्यांना केलं. त्यांच्या मुलीच्या देखत. लीड्सहून आली होती ती, खास बाबांचं वाजवणं ऐकायला.

… रोझलिंडना आवडलं ना ते. म्हणाल्या, चुकलेल्या वादकाशी असंच वागायचं असतं, हे शिकवून येत नाही. आणि मग म्हणाल्या, पास.

… मलाही आधी तसंच वाटलं. की केनना खरंच स्वतःची चूक वाटतेय. आणि बरं वाटलं ग मला. सुटल्यासारखं. पण ते निघाले तशी राहवेना, मी कार पार्कमध्ये मागे मागे गेले. मी काही बोलायच्या आधी तेच म्हणाले, तू बाईंसमोर अडखळत होतीस, ऐकलं मी. तुझी परीक्षा होती, माझी थोडीच होती?

… हो. सगळं माहीत होतं त्यांना.

… मी थँक यू म्हणाले. मुलीने झांजांची पिशवी डिकीत ठेवली आणि धाडकन झाकण लावलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. केन म्हणाले, आता बास झालं, पुढच्या मंगळवारच्या प्रॅक्टिसला दुसरं कोणीतरी बघ. नजर चांगली असलेलं.

… म्हणजे त्यांनी स्वतःहून पांघरूण घातलं म्हणून मी गप्प राहू?

… कळतंय मला. दोन वर्षं या कोर्सच्या मागे आहे, मला नाही का कळत? … आणि शाळेत काय सांगू, तेही कळत नाहीये. म्हणून तर अशी बसलेय ना. गाडी चालू करते, बंद करते.

… नको, आईला नको देऊस. आत्ता नको. आणि तिला यातलं काही… ताई, अगं…

… हं. हो आई, मीच.

… नाही, सर्दी झालीय थोडी. … हो, पाहिलंस ना. … हो, काळी साडी.

… कोण ग? … कुठे, उजवीकडे?

… मागे, अगदी टोकाला. हो. पांढऱ्या केसांचे. केन नाव त्यांचं.

… हो, हात वर करून उभे होते.

… नाही आई, तुझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. बरोबर दिसलं तुला. त्यांनी वाजवलंच नाही.

… का म्हणजे… मी त्यांना खूण करायची होती. केली नाही. माझं लक्षच नव्हतं.

… त्यांनी दोष स्वतःवर घेतला. … हो, सगळ्यांसमोर. आणि मी घेऊ दिला.

… ऐकतेय. … हो आई. … हो.

… बाई अजून आत आहेत. खुर्च्या एकावर एक रचतायत. खिडकीतून दिसतायत मला.

… करतील बहुतेक नापास. … करू देत.

… हो, मग केनकडेच जाते. घर माहितीये, मी सोडायचे ना त्यांना कधीकधी. … त्यांची मुलगी दारात उभं करेल की नाही, शंकाच आहे. … बरं. दारातच सांगेन. तिलाही सांगेन.

… नाही येत आता रडू. … आई, ऐक, त्या दिवे बंद करायला लागल्यात. जाते मी. ठेवते.