सत्तर किलोचे प्राचार्य

आजकालची पोरं जाड झाली असं तुम्ही नुसतं म्हणता, आमच्या कॉलेजात ते दोन दिवस सिद्धच झालं होतं. नव्या पोरांची उंची आणि वजन आम्ही दरवर्षी घेतो. यंदा जुनं रजिस्टर काढून पाहिलं, तर उंची तेवढीच, पण वजन एकदम दोन किलो वर.

प्राचार्यांनी पोरांना मैदानात उभं करून सुनावलं, "दिवसभर समोसे खाऊन राहिले तुम्ही. मले पाहा. नोकरीले लागलो तेव्हा सत्तर, गेल्या वर्षीही सत्तर. याच काट्यावर."

यंदा वजन घेतलं होतं मी, खेळाच्या मास्तरनं. त्याआधी सगळी वर्षं हरिभाऊ शिपाई घ्यायचे. ते आता रिटायर झालेत. नोकरीआधी पवनीच्या बाजारात धान मोजायचे. प्राचार्यांनी त्यांना बोलावून घेतलं.

"हरिभाऊ, तुमच्या वेळची पोरं एवढी हलकी कशी?"

"हलकी कायले रायतीन जी? मी बाजारासारखी कटती लावत होतो, वजनातून कापत होतो. एक किलो बारदान्याची, एक किलो ओलीची."

"पोरायले कसला बारदाना?"

"कपडे, जी. धान का पोत्यासकट धरते कोणी?"

"आन् ओल?"

"पाणी पिऊनच येतेत न पोट्टे."

प्राचार्यांनी दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाले, "मायी कटती किती लावत होते?"

"तुमचं काही ठरलेलं नव्हतं, जी," हरिभाऊ म्हणाले. "सत्तर येईपर्यंत कापत होतो."