चारशे बारा व्हिजिट आन् ताटं दोन

...चारशे बारा! आता तुमीच सांगा, चारशे बारा माणसं येऊन गेली आन् आमच्या दारातलं कुत्रं एकदाबी भुकलं न्हाई, ह्ये हुईल का? पण गुरुदास म्हणतोय आली. गुरुदास म्हंजे माझा मेव्हणा, रामनगरात त्येचं कम्प्युटरचं दुकान, झेरॉक्स काढतोय, फॉर्म भरून देतोय, आन् गिऱ्हाईक नसलं की माझं डोकं खातोय. "दाजी, वेबसाइट पळाय लागली बगा, दोन म्हयन्यात चारशे बारा व्हिजिट!" मी पळत घरात आलो, रुक्माला सांगितलं. रुक्मा म्हंजे आमची मंडळी. तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं, माझ्याकडं बघितलंबी न्हाई, आन् इचारलं, "ऱ्हाऊ दे चारशे. ताटं किती मांडू?"

मांड म्हटलं दोनच. तू आन् मी.

तुमास्नी सांगतो, माझी चूक एवढीच की अठ्ठावीस वर्सं कुळगीच्या जंगलात वाचर, म्हंजे जंगलाचा राखणदार, म्हणून राबलो, आन् मग घरी गप बसायचं सोडून होमस्टे काढला. कुठं? बाजारकुणंगात! जिथं अनोळखी गाडी आली तर लोक जेवण टाकून बघायला बाहेर येतात! गोठ्याच्या शेजारी खोली बांधली, फरशी घातली, खुर्चीसारखा बसायचा संडास केला, त्येच्यावर अजून आमीबी बसलो न्हाई, रुक्मा म्हणती त्यो पाव्हण्यांचा हाय. आन् वर तिनं मुदत घातली. भातकापणीपातूर पाव्हणा आला तर आला, न्हाईतर त्या खोलीत भाताच्या कणग्या! माझ्या फरशीवर कणग्या! अवो, आख्ख्या गावात मी सांगून ठेवलंय की झिलूच्या घरी बेंगळूरची माणसं उतरणार म्हणून. तोंड कुठं दाखवू?

बरं, त्यो रिपोर्ट बघायचा म्हटलं तरी घरात मोबाइल म्हंजे नुसता आरसा. मागच्या टेपावर, म्हंजे टेकाडावर, काजूचं झाड हाय, त्येच्या बुडात उभं ऱ्हायलं की मग रेंज येती. आयतवारी लेकीचा फोन असतोय तवा आमी दोघंबी तिथंच जातोय. लेक भाग्यलक्ष्मी, बेंगळूरला कंपनीत हाय, ह्या वक्ताला गणपतीच्या चवथीलाबी रजा न्हाई मिळाली तिला... त्ये ऱ्हाऊ दे, त्यो विषय काढला की रुक्मा जेवत न्हाई. तर मी दिवसातनं चार बारी टेप चढायचो, वेबसाइट उघडायचो, आकडा वाढला की छाती फुगवून खाली यायचो, आन् खाली काय? ताटं किती मांडू!

एक दिवस मी काजूखाली बसून त्यो रिपोर्ट नीट वाचला. कोण कुठनं आलं, किती वाजता आलं, कुठल्या पानावर किती येळ थांबलं... आन् माझ्या डोक्यात उजेड पडला. आरं, ही तर पाणवठ्यावरची गणती! कुळगीत नवा वाचर आला की चिखलात चाळीस ठसे बघून वहीत चाळीस सांबरं लिवायचा. रेंजरसाहेब कपाळाला हात लावायचे, "काय रं बाबा, एकच सांबर चाळीसदा पाणी पिऊन गेलं असंल की! खूर बघ, येळ बघ, कुठनं आलं बघ, मग लिव." त्ये काम मी अठ्ठावीस वर्सं केलंय, मला शिकवतोय गुरुदास?

लावला फोन. म्हटलं, ह्यातले दोनशे अडतीस हुबळीचे, रोज चारदा येणारे, ह्ये कोण?  गुरुदास बारीक आवाजात म्हणतोय, "दाजी... तुमी सोता दिवसाला किती बारी उघडता?" घ्या! माझा मोबाइल टेपावरनं बोलतोय, पण नेटवर्क हुबळीवरनं येतंय म्हणून रिपोर्टात हुबळी लिवतोय! दोन म्हयने मी माझ्याच पायताणाचे ठसे मोजून गावात सांगत फिरलो की जंगल भरलं म्हणून.

बरं, अमेरिकेचे एकशे एकतीस? आले आन् एका सेकंदात गेले? तर म्हणतोय, ती माणसं न्हवंत दाजी, यंत्रं असत्यात, सगळ्यांच्या साइटी हुंगत फिरत्यात. हुंगून जातंय आन् पाणी पीत न्हाई, असलं जनावर आमी गणतीत कधी धरलं न्हाई. काटलं.

ऱ्हायले किती? त्रेचाळीस. सगळे बेंगळूरचे. आन् तुमास्नी सांगतो, ह्यो माग बघून माझ्या अंगावर काटा आला. रोज दुपारी एक वाजून धा मिनिटं. थेट चुलीच्या पानावर. तिथं एकच फोटो हाय, रुक्मा भाकरी थापतीया, पदर तोंडात धरून लाजतीया. आकरा मिनिटं थांबायचं, आन् माघारी. शनवार-आयतवार बंद. एकच जनावर! खोली बघत न्हाई, फरशी बघत न्हाई, एवढ्या हौसेनं केलेल्या संडासाकडं ढुंकून बघत न्हाई. गुरुदास म्हणतोय कोणतरी हाटेलवाला असणार, चूल बघून तसलीच बांधत असंल. पण रोज? आकरा मिनिटं?

जनावर वळखंना की आमी पाणवठ्याच्या वाटंवर काटकी आडवी टाकायचो, मोडतंय का वलांडतंय बघायला. तसंच केलं. गुरुदासला सांगितलं, सोमवारी चुलीचा फोटो काढून टाक. सोमवारी मी एक वाजताच टेपावर. धा मिनिटं झाली. पंधरा झाली. आन् फोन वाजला! मी सदरा नीट केला, घसा साफ केला, म्हटलं, नमस्कार, होमस्टे.

"आप्पा, आईचा फोटो का काढला?"

भाग्या. माझी लेक.

म्हणती, "मेसचा डबा घशाखाली उतरत न्हाई आप्पा. आईला समोर ठिवून जेवती मी. दुपारी घरात फोन लागत न्हाई, मग काय करू?"  लाज वाटली वो. अठ्ठावीस वर्सं सुकल्या पानावरनं वाघराचा माग काढला, आन् पोटच्या पोरीचा माग, वर बेंगळूर लिवलेलं असून, मला वळखू आला न्हाई. रडलो. काजूखाली कोण बघतंय?

खाली येऊन रुक्माला सांगितलं. तिनं पीठ तसंच टाकलं, हाताला पीठ घेऊनच टेप चढली, लेकीला फोन लावाय लावला आन् म्हटली, "फोटो बघून प्वाट भरतंय व्हय गं? रजा माग सायबाकडं. आमची चवथ अजून ऱ्हायलीया म्हणावं."

आली. खोली उघडली, नवी चादर घातली. फरशीवर तिची बॅग, दांडीवर तिचे कपडे, आन् त्या संडासाचं उद्घाटनबी तिनंच केलं. भात कापून झालं, कणग्या पडवीत पावसापाण्याला उभ्या हायत, रुक्मा चकार शब्द काढंना. गावात इचारत्यात, काय झिलू, बेंगळूरचं माणूस आलं म्हणं? व्हय, म्हणतोय, आलंय. ऱ्हाणं फुकट, जेवण फुकट, आन् जाताना वर पोतंभर कंद नेणार हाय.

आन् काल गुरुदासचा फोन! "दाजी, घात झाला! ह्या आठवड्यात बेंगळूरची एकबी व्हिजिट न्हाई, शून्य! काय बिघडलं?" मी काय सांगणार, तेवढ्यात खालनं रुक्मानं हाक मारली. म्हटलं, बिघडलं काय न्हाई बाबा. तू शून्यच लिव, आन् फोन ठेव. ताटं तीन मांडल्यात, भाकरी गार व्हाय लागल्या.